घड्याळ एक, दिवस दोन

डिसेंबरात संध्याकाळी साडेचारला मुंबईत कचेऱ्यांचे काम ऐन भरात असते, मैदानावर पोरे उन्हात क्रिकेट खेळत असतात. त्याच क्षणी आसामातल्या दिब्रुगडला सूर्य मावळलेला असतो. जूनमध्ये दिब्रुगडला पहाटे सव्वाचारच्या सुमारास दिवस उजाडतो, तर मुंबईत सहा वाजून गेल्यावर. तरीही दोन्हीकडच्या भिंतीवरचे घड्याळ एकच वेळ सांगते.

यामागचे गणित साधे आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई ७३ रेखांशाजवळ, दिब्रुगड ९५ जवळ. म्हणजे दोन्ही ठिकाणच्या सूर्यात जवळजवळ दीड तासाचे अंतर. भारतीय प्रमाणवेळ मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशावर ठरली आणि ती सर्वांना लागू झाली.

मुंबईच्या कामगाराने ती मुकाट्याने मानली नव्हती. १ जानेवारी १९०६ पासून इंग्रज सरकारने प्रमाणवेळ सुरू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणीचे घड्याळ पुढे सरकले म्हणजे कामगाराने तेवढ्या अगोदर, अंधारात, फाटकावर हजर व्हायचे! त्याच महिन्यात हजारो गिरणी कामगारांनी माग बंद ठेवून दगडफेक केली. महानगरपालिकेनेही 'बॉम्बे टाइम' कित्येक दशके सोडला नाही.

दिब्रुगडच्या चहामळ्यांत वेगळाच प्रकार आहे. तेथे 'बागान टाइम' चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. तो गोऱ्या मळेवाल्यांनी आणला, मजुरांच्या दयेपोटी नव्हे. पान खुडायला उजेड लागतो आणि त्यांना उजेडाचा एकही तास वाया घालवायचा नव्हता. मुंबई विजेच्या दिव्यावर रात्रीचा दिवस करते. मळ्यात मालक कोणीही असो, मुकादम सूर्यच असतो. तरीही या तासाचा एक लाभ मजूर बाईच्या पदरात पडतो. ती अंधार पडण्याआधी घरी पोहोचते.

कायद्यानेही हे वास्तव मान्य केले होते. १९४८ च्या कारखाने कायद्याचे कलम ३ आणि १९५१ चा मळा कामगार कायदा, या दोन्हींत जेथे प्रमाणवेळ पाळली जात नाही तेथे स्थानिक वेळ ठरविण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला होता. कामाचे तास ही मालकाची मर्जी नव्हे, कायद्याची बाब आहे. बाबासाहेबांनी मजूर खाते सांभाळताना १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणला, तो याच भूमिकेतून.

२०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येसाठी एक तास पुढची दुसरी प्रमाणवेळ सुचविली. दिल्लीने ती मानली नाही. उलट जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने एक मसुदा काढला. शासकीय आणि व्यापारी व्यवहारांत प्रमाणवेळेशिवाय दुसरी वेळ वापरायची नाही, असे त्यात होते. खगोलशास्त्र, नौकानयन, संशोधन यांना परवानगीने सूट होती. मग बागान टाइमचे काय? पान खुडणाऱ्या बाईला कोणी विचारले?

देशाची एकता घड्याळाच्या काट्यावर टिकते, असे सांगणाऱ्यांना एक प्रश्न आहे. या मळ्यांतील संथाळ, मुंडा, उरांव यांचे पूर्वज छोटा नागपूरच्या पट्ट्यातून करारबद्ध मजूर म्हणून आणले गेले. त्यांचे भाऊबंद झारखंडात अनुसूचित जमातीत आहेत, पण आसामात आलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या त्या यादीबाहेर ठेवले गेले. वेळ लादताना देश एक असतो, हक्क देताना मात्र राज्याची सीमा आडवी येते. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रह्मपुत्रा खोऱ्यात मळ्याची रोजची मजुरी वाढून झाली किती? अवघे २५० रुपये!

प्रमाणवेळ एक असावी की दोन, यावर वाद होऊ शकतो. रेल्वेची सुरक्षितता हा खरा प्रश्न आहे. पण ज्याच्या घामावर घड्याळ चालते त्याला विचारल्याशिवाय काटा पुढेही सरकू नये आणि मागेही. १९०६ च्या गिरणी कामगाराने हेच दगड हातात घेऊन सांगितले होते. दिब्रुगडच्या बाईला ते सनदशीर मार्गाने सांगता यावे, एवढी जबाबदारी संविधान मानणाऱ्या प्रत्येकावर आहे.