पाठवणी आणि पोच

हुंडी लिहून आंगडियाच्या हाती दिली म्हणजे व्यवहार पुरा झाला, असे आमच्या वडीलमंडळींनी कधी मानले नाही. हुंडी दिसावरच्या पेढीवर पोहोचली, तेथे ती सकारली गेली, रक्कम चुकती झाली आणि चुकती झालेली ती हुंडी 'खोखा' म्हणून दप्तरी लागली, म्हणजेच मुनीम सुटकेचा निःश्वास टाकीत. हुंडी वाटेत गहाळ झाली तर 'पेठ' लिहिली जाई. पेठही गहाळ झाली तर 'परपेठ'. आणि त्या प्रत्येकीत असा स्पष्ट उल्लेख असे की, आधीच्या हुंडीची रक्कम चुकती झाली असल्यास ही रद्द समजावी. पाठवणी वेगळी आणि पोच वेगळी, हा भेद आमच्या व्यापारी परंपरेच्या हाडीमांशी खिळलेला होता. तोच भेद संगणकाच्या कामात आम्ही विसरलो, आणि त्याचे प्रायश्चित्त आम्हांस कसे घ्यावे लागले, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच आहे. आमच्या सभासदबंधूंपैकी अनेकांच्या पेढ्यांवर आज दहा-वीस संगणक एकमेकांस जोडलेले आहेत. तेव्हा आमचा अनुभव त्यांच्या उपयोगी पडेल, अशी आशा वाटते.

प्रथम विषय थोडक्यात समजावून घेऊ. अठरा संगणकांवर एखादा नवा प्रोग्राम बसवावयाचा झाल्यास माणसाने अठरा ठिकाणी जाऊन बसावे, हा एक मार्ग. दुसरा मार्ग असा की, मुख्य पेढीवरील एका संगणकावर आज्ञांची क्रमवार यादी लिहावी. या यादीसच स्क्रिप्ट म्हणतात. ती यादी जाळ्यातून प्रत्येक संगणकाशी संपर्क साधते, नव्या प्रोग्रामची फाईल त्यास पुरविते आणि ती चालविण्याचा हुकूम देते. रात्री सारे निजले असता काम होते आणि सकाळी गादीवर बसणाऱ्यास सर्व सिद्ध मिळते. मार्ग उत्तम आहे यात शंका नाही. मात्र हुकूम देणारा येथे आणि हुकूम पाळणारा तेथे, यांच्यामध्ये कोणाचाही डोळा नसतो.

कंपन्यांच्या हिशेबासंबंधीच्या नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार, 1 एप्रिल 2023 पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षात प्रत्येक कंपनीचा हिशेबाचा प्रोग्राम असा असणे आवश्यक झाले की, ज्यात प्रत्येक नोंदीच्या फेरबदलाचा माग राहील आणि तो माग कोणासही बंद करता येणार नाही. आमची खासगी मर्यादित कंपनी असल्यामुळे हा नियम आम्हांसही लागू होता. आमची पेढी मांडवीजवळ, विक्रीचे दालन अलकापुरीत आणि गोदाम विश्वामित्रीच्या काठालगत. तिन्ही ठिकाणी मिळून संगणक अठरा. 31 मार्चच्या रात्री आमच्या पुतण्याने स्क्रिप्ट चालविली आणि निजण्यापूर्वी आम्हांस यादी दाखविली. अठराही नावांपुढे 'यशस्वी' असा शेरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामातून मेहताजींचा फोन आला. हे गृहस्थ आमच्या वडिलांच्या वेळेपासून पेढीवर आहेत. ते म्हणाले, "शेठ, नवा प्रोग्राम आल्याचे म्हणता, पण इथे तर जुनेच रूप दिसते आहे. सकाळपासून एकेचाळीस नोंदी मी त्यातच केल्या."

आम्ही यादी पाहिली. पुतण्या म्हणाला, "काका, गोदामाचे सहाही संगणक यशस्वी दाखवीत आहेत. मेहताजींनीच काहीतरी उलटसुलट केले असेल."

आणि येथे आमच्या हातून अपराध घडला. चाळीस वर्षांच्या माणसाच्या शब्दापेक्षा रात्रीतून तयार झालेल्या यादीवर आम्ही विश्वास ठेवला. फोनवर आम्ही म्हणालो, "तुम्ही जुने चिन्ह दाबून तेच उघडले असेल, मेहताजी. नीट पाहत चला." ते काही बोलले नाहीत, फोन ठेवला.

संध्याकाळी पुतण्या स्वतः गोदामात गेला, तेथून दालनात गेला, आणि रात्री परत आला तो मान खाली घालून. अठरांपैकी पाच संगणकांवर नवा प्रोग्राम बसलाच नव्हता. त्या पाचांची कारणे तीन निघाली, आणि ती नीट समजून घेण्याजोगी आहेत. कारण असे काम जेथे फसते, तेथे बहुधा यांपैकीच एखादे कारण असते.

गोदामातील दोन संगणक रात्री बंद होते. रखवालदाराने नेहमीच्या काटकसरीने मुख्य कळ बंद केली होती. स्क्रिप्टने हाक दिली, उत्तर आले नाही, आणि ती पुढील नावाकडे वळली.

दालनातील दोन संगणक चालू होते. पण स्क्रिप्टने त्यांना नव्या प्रोग्रामचा पत्ता 'झेड' ड्राइव्हवरचा सांगितला होता. हा ड्राइव्ह म्हणजे पेढीच्या मुख्य संगणकावरील फोल्डरला दिलेले सोयीचे नाव. ते नाव संगणकावर बसलेल्या माणसाच्या खात्यापुरते असते. दुरून आलेली आज्ञा निराळ्या खात्याच्या नावाने चालते, आणि त्या खात्यास 'झेड' असे काही अस्तित्वातच नसते. माणसाने समोर बसून तीच आज्ञा दिली तर ती बिनबोभाट चालते. दुरून दिली की फसते. नवशिक्यास चकविणारी गोष्ट हीच.

पाचवा संगणक मेहताजींचा. त्यांना आम्हीच सांगितले होते की रात्री संगणक बंद करू नका. त्यांनी तो चालू ठेवला, आणि हिशेबाचा जुना प्रोग्रामही उघडाच ठेवला. नव्या प्रोग्रामने बसण्यापूर्वी प्रश्न विचारला की, जुना चालू आहे, बंद करू काय? परंतु दुरून चालविलेल्या कामास समोरचा पडदा नसतो. तो प्रश्न अशा ठिकाणी उमटला की जेथे तो कोणासही दिसणे शक्य नव्हते, आणि रात्रभर तो प्रोग्राम उत्तराची वाट पाहत राहिला. मेहताजींनी सांगितल्याबरहुकूम सर्व केले होते. चूक सर्वस्वी आमची होती.

मग यादीत 'यशस्वी' कोठून आले? स्क्रिप्टने आज्ञा पाठविली की ती लगेच पुढे जात असे आणि तो शेरा लिहीत असे. काम झाले की नाही हे तिने कोणास विचारलेच नव्हते. पाठवणीलाच तिने पोच म्हटले होते. आपल्या धर्मात आलोचनेस फार महत्त्व आहे. घडलेला दोष गुरूंपुढे न लपविता सांगणे ही शुद्धीची पहिली पायरी होय. ज्या स्क्रिप्टला आपला दोष सांगताच येत नाही, ती सुधारणार तरी कशी?

पुढील आठवडाभर बसून पुतण्याने स्क्रिप्ट नव्याने लिहिली. तिची रीत आता अशी आहे. ती प्रथम प्रत्येक संगणकास हाक देते. जो उत्तर देत नाही, त्याचे नाव 'अनुत्तरित' या वेगळ्या यादीत जाते आणि सकाळी त्यास पुन्हा हाक जाते. नंतर ती नव्या प्रोग्रामची फाईल त्या संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून ती पूर्ण उतरली याची खात्री करते, आणि तेथूनच ती चालविते. जुना प्रोग्राम आधी बंद केला जातो, आणि नव्यास कोणताही प्रश्न न विचारता बसण्याची सूचना दिली जाते. तरीही वीस मिनिटांत काम संपले नाही, तर स्क्रिप्ट ते थांबवून तशी नोंद करते.

काम संपताना विंडोजची प्रोग्राम बसविणारी यंत्रणा एक अंक परत देते. तो अंक म्हणजे तिची कबुलीच होय. 0 म्हणजे काम झाले. 3010 म्हणजे झाले, परंतु संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. 1618 म्हणजे त्याच वेळी दुसरे काही बसविले जात आहे. 1619 म्हणजे फाईल उघडता आली नाही. आणि 1603 म्हणजे काम मध्येच कोसळले. हा शेवटचा अंक आल्यास यंत्रणेकडून सविस्तर रोजमेळ लिहवून घ्यावा आणि त्यात 'रिटर्न व्हॅल्यू 3' ही इंग्रजी अक्षरे शोधावीत. खरे कारण बहुधा त्यांच्या लगेच वरच्या ओळींत सापडते.

एवढ्यावरही आम्ही थांबत नाही. शेवटी स्क्रिप्ट त्या संगणकालाच विचारते की, तुझ्यावर आता प्रोग्रामची कोणती आवृत्ती आहे? उत्तर जुळले तरच 'पोच' असा शेरा पडतो. हा आमचा खोखा. आणि स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालविली, तर ज्याच्यावर नवी आवृत्ती आहे त्यास ती हात लावीत नाही. पेठेची जुनी रीत ती हीच.

दुरून काम करण्याचे सामर्थ्य जसे मोठे, तसा त्यातील धोकाही मोठा. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाईलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, जगभरातील सुमारे 85 लाख संगणक बंद पडले. ती फाईल आपल्याकडील घड्याळाप्रमाणे सकाळी 9 वाजून 39 मिनिटांनी निघाली आणि 78 मिनिटांत मागेही घेतली गेली. परंतु बंद पडलेल्या असंख्य संगणकांपाशी माणसास स्वतः जावे लागले, आणि आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची पाळी आली. म्हणून आम्ही आता प्रथम एका संगणकावर, दुसऱ्या दिवशी चारांवर, आणि मग सर्वांवर, असा क्रम ठेवला आहे. जमीन पाहून पाऊल टाकावे, हे ईर्यासमितीचे व्रत येथेही उपयोगी पडते. तसेच जुलै 2021 मध्ये कासेया या कंपनीच्या दूरव्यवस्थापनाच्या प्रोग्राममधूनच खंडणीखोरांनी आपला विषारी प्रोग्राम पसरविला, आणि स्वीडनमधील कूप या संस्थेची सुमारे 800 दुकाने गल्ले चालेनात म्हणून बंद राहिली. ज्या किल्लीने अठरा दारे उघडतात, ती किल्ली तिजोरीच्या किल्लीइतकीच जपली पाहिजे.

त्या वर्षीच्या संवत्सरीला आम्ही मेहताजींच्या घरी गेलो आणि 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले. वर्षभरात आपण पुष्कळांस ते म्हणतो; पण त्या दिवशी ते शब्द कशाकरिता आहेत हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. ते एवढेच म्हणाले, "शेठ, यंत्राला विचारले ते ठीकच, पण माणसालाही विचारायचे होते."

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस, पर्युषण तोंडावर आले असता, विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले. आपल्यापैकी कित्येकांचे नुकसान त्या पुरात झाले. आमच्या गोदामातील सहाही संगणक पाण्याखाली गेले. हिशेबाची प्रत पेढीवर सुरक्षित होती. पाणी ओसरून वीज आल्यावर सहा नवे संगणक आणले आणि त्याच स्क्रिप्टने त्यांवर सर्व प्रोग्राम बसविले. संध्याकाळी यादी आली : पाच नावांपुढे 'पोच', एकापुढे 'अनुत्तरित'.

यादी हाती घेऊन पुतण्याने फोन उचलला आणि विचारले, "मेहताजी, तुमच्याकडे काय दिसते आहे?"

पलीकडून उत्तर आले, "पाच ठीक आहेत. सहाव्याची तार सैल आहे, बसवितो."

यादी आणि माणूस यांचे शब्द त्या दिवशी जुळले. आमच्या सभासदबंधूंच्या पेढ्यांवरही ते असेच जुळत राहोत, हीच प्रार्थना. जय जिनेंद्र.