नऊ सेकंदांचा पहिलवान

फ्रीस्टाईल कुस्ती म्हटली, की आपल्याकडच्या जुन्या माणसांना दारासिंग आठवतो, किंगकाँग आठवतो. पण दारासिंगने लोळवलेल्या बाकीच्या मल्लांची नावे सांगा म्हटले, की पंचाईत होते! जिंकणाऱ्याला जग ओळखते. मात्र कोणी तरी नीट हरल्याशिवाय जिंकणारा घडायचा कसा, हे सहसा कोणी विचारीत नाही. अशाच एका हरणाऱ्याची ही हकिगत.

कॉनरॅड एफ्राइम हा मूळचा वेस्ट इंडीजमधील अँटिग्वा बेटाचा, म्हणजे क्रिकेटवीर व्हिव्ह रिचर्ड्सच्या मुलखातला. जन्म ३० मार्च १९४५ चा. अमेरिकेतल्या रिंगणात तो एस. डी. जोन्स या नावाने उतरे. एस. डी. म्हणजे ‘स्पेशल डिलिव्हरी’! नाव टपालखात्याला शोभणारे, आणि माणूसही तसाच. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेले काम बिनबोभाट पोचते करणारा.

कोल्हापूरच्या खासबागेत निकाली कुस्ती पाहिलेल्यांना तिकडचा हा प्रकार चमत्कारिक वाटेल. तिथे कोण जिंकणार हे आधीच ठरलेले असते. मग सगळे खोटेच की, असे म्हणून आपण नाक मुरडतो. परंतु पडणे काही खोटे नसते. लाकडी फळ्या, त्यांवर पातळशी गादी आणि वर ताणलेले कॅनव्हास. त्यावर हनुवटी छातीशी घट्ट धरून, पाठ सपाट ठेवून, तळहात आपटीत पडायचे. हनुवटी सुटली तर डोके आपटते. शिवाय उचलणाऱ्याची ताकद लोकांना खरी वाटली पाहिजे, तीही पडणाऱ्यानेच दाखवायची! दशावतारात विष्णूचा पराक्रम संकासुरावाचून दिसत नाही, तसेच हे.

पेन्सिल्व्हेनियातील ॲलनटाउन गावी त्या काळी दूरदर्शनचे तीन-तीन आठवड्यांचे कार्यक्रम एकदम चित्रित होत. तेथे जोन्स दुय्यम मल्लांना हरवी आणि बड्यांकडून हरे. अशा मल्लांना धंद्यात ‘जॉबर’ म्हणतात. शब्दात थोडा तुच्छतेचा वास आहे. प्रेक्षकांना मात्र रंगीबेरंगी सदऱ्यातला, टकरा मारणारा हा हसरा गडी आवडे. पुढे त्याची रबरी बाहुलीसुद्धा दुकानांत आली.

१९८४ च्या अखेरीस महाकाय आंद्रेचे केस जॉन स्टड आणि केन पटेरा यांनी कापले, तेव्हा आंद्रेचा जोडीदार जोन्सच होता. आधी त्याला निकामी केल्याशिवाय आंद्रे एकटा सापडणार कसा? त्या अपमानाच्या परतफेडीचा सामना ३१ मार्च १९८५ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, पहिल्या ‘रेसलमेनिया’त ठरला. त्याच रात्री जोन्सलाही एक कामगिरी मिळाली. किंगकाँग बंडी (हा दारासिंगचा किंगकाँग नव्हे) या दोनशे किलोंच्या, तुळतुळीत डोक्याच्या धिप्पाड मल्लाला भयंकर ठरवायचे होते.

चाळिसावा वाढदिवस होऊन एकच दिवस उलटलेला. बंडीने त्याला कोपऱ्यातल्या खांबावर आदळले, वर आपला देह झोकला, मग खाली पडलेल्या जोन्सच्या अंगावर पुन्हा उडी घेतली. खेळ खलास! नऊ सेकंदांचा विक्रम झाला, अशी घोषणा झाली आणि पुढे वर्षानुवर्षे हाच आकडा सांगितला गेला. दुसऱ्या वर्षीच्या रेसलमेनियात बंडी थेट हल्क होगनसमोर पोलादी पिंजऱ्यात उभा राहिला, तो मुख्य सामना होता. जोन्सचे काम चोख झाले होते.

तो पुढेही काही वर्षे खेळत राहिला. २६ ऑक्टोबर २००८ ला अँटिग्वातच त्याचे निधन झाले.

त्या कुस्तीची चित्रफीत आजही पाहायला मिळते. हातात घड्याळ घेऊन पाहावे. घंटेपासून मोजू लागले, की नऊ सेकंद सरतात आणि कुस्ती चालूच असते. जोन्स चांगले वीस सेकंदांहून अधिक टिकला होता.