नवी जर्सी, जुने सोबती

ऑगस्टमध्ये एखादा सायकलपटू जाहीर करतो, की पुढच्या वर्षी आपण प्रतिस्पर्धी संघात चाललो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गडी जुन्या संघाच्या बसमध्ये बसतो, जुनी जर्सी चढवतो आणि जुन्या कप्तानासाठी डोंगर चढू लागतो! व्यावसायिक सायकलिंगचा हंगामच असा आखलेला आहे. जागतिक संघटना यूसीआयच्या नियमांनुसार संघबदलाची खिडकी १ ऑगस्टला उघडते आणि करार संपतात ३१ डिसेंबरला. मधले पाच महिने कोण कुठे चाललंय हे साऱ्या घोळक्याला ठाऊक असतं, आणि तरीही त्याच माणसाकडून जीव तोडून काम करण्याची अपेक्षा असते. निष्ठेची एवढी उघड परीक्षा दुसऱ्या कुठल्या खेळात होत असेल असं मला वाटत नाही. या परीक्षेचे काही निकाल तर अफलातून आहेत.

आपलाच संघ मागे लागला

१९८७ ची जिरो दि इटालिया. कारेरा या इटालियन संघात दोन वाघ होते. आदल्या वर्षीचा विजेता रोबेर्तो व्हिझेन्तीनी आणि आयर्लंडचा स्टीफन रोश. नेत्याची गुलाबी जर्सी व्हिझेन्तीनीच्या अंगावर होती. साप्पादा गावाच्या टप्प्यावर रोशने उतारावर मुसंडी मारली आणि तो निसटला. त्याला पकडायला मागून जीव तोडून कोण येत होतं? त्याचाच संघ! डायरेक्टरच्या गाडीतून थांबण्याचे हुकूम येत राहिले, रोश थांबला नाही. त्या दिवशी व्हिझेन्तीनी सहा मिनिटांहून अधिक मागे पडला आणि गुलाबी जर्सी रोशकडे आली.

पुढचे दिवस भयंकर होते. इटालियन प्रेक्षक रस्त्याच्या कडेने रोशवर थुंकत होते. कारेरा संघात त्याच्या बाजूने उभा राहिला फक्त बेल्जियमचा एडी शेपर्स. दुसरा पाठीराखा चक्क परक्या संघातला. पॅनासॉनिककडून खेळणारा स्कॉटिश खेळाडू, तेव्हाचा रॉबर्ट मिलर, आज फिलिपा यॉर्क या नावाने ओळखली जाणारी. एका बाजूला शेपर्स, दुसऱ्या बाजूला मिलर आणि मध्ये रोश, अशी ही तिकडी गर्दीतून वाट काढत राहिली. रोशने जिरो जिंकली, मग टूर द फ्रान्स, मग जागतिक अजिंक्यपद. एकाच वर्षात हे तिन्ही जिंकणारा तोवर एकच होता, १९७४ चा एडी मर्क्स.

आता गंमत ऐका. १९८८ मध्ये रोश फागोर संघात गेला, तेव्हा शेपर्स आणि मिलर हे दोघेही त्याच संघात दाखल झाले. साप्पादाचं ऋण असं फिटलं. कारेराच्या दृष्टीने रोश फितूर असेल. मला मात्र त्याच्याइतका सोबत्यांना जपणारा माणूस त्या वर्षीच्या घोळक्यात दिसत नाही.

जर्सीशी निष्ठा म्हणजे नक्की कुणाशी?

हा प्रश्न सायकलिंगमध्ये खरोखरच पडतो, कारण संघाचं नावच प्रायोजकाचं असतं आणि प्रायोजक येतात-जातात. आजचा स्पेनचा मोव्हिस्तार संघ १९८० मध्ये रेनॉल्ड्स होता, मग बानेस्तो झाला, पुढे इयेस बालेआर्स, मग केस देपार्न. नेदरलँड्सच्या राबोबँकने २०१२ च्या अखेरीस अंग काढून घेतलं, तेव्हा तो संघ २०१३ चा पूर्वार्ध ‘ब्लँको’ या कोऱ्या नावाने खेळला. टूरच्या तोंडावर बेल्किन कंपनी मिळाली. तोच आजचा व्हिस्मा. स्वतःचं मैदान नाही, तिकिटाचं उत्पन्न नाही, त्यामुळे प्रायोजक गेला की रंग, नाव, सायकल सगळंच बदलतं. टिकून राहतात ती माणसं.

यंदा कंपन्या बाद!

संघनिष्ठेचा सगळ्यात मोठा वैताग कुणाला आला असेल, तर टूरचा जनक आंरी देग्रांज याला. १९२९ मध्ये अल्सियाँ या सायकल कंपनीच्या संघाने आपल्या आजारी पडलेल्या मॉरिस दे वाल याला अक्षरशः सांभाळून पॅरिसपर्यंत नेलं आणि तो जिंकलाही. देग्रांज इतका भडकला की १९३० पासून त्याने कंपन्यांचे संघच काढून टाकले आणि देशांचे संघ आणले. सगळ्यांना आयोजकांकडून एकसारख्या पिवळ्या सायकली! या खर्चासाठी पैसे हवेत, म्हणून शर्यतीपुढे जाहिरातींच्या गाड्यांचा तांडा सुरू केला. तो तांडा आजही टूरपुढे धावतो. देशांचे संघ १९६१ पर्यंत टिकले, १९६७ आणि ६८ मध्ये पुन्हा डोकावले आणि मग कायमचे गेले.

देशाच्या जर्सीने निष्ठेचा प्रश्न सुटला का? छे! १९५९ ची टूर बघा. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघात झाक आंकतिल आणि रोझे रिव्हिएर होते. फ्रान्सचाच आंरी आंग्लाद एका प्रादेशिक संघातून खेळत होता आणि जिंकण्याच्या बेतात होता. आंकतिल-रिव्हिएरने त्याला जिंकू देण्याऐवजी स्पेनच्या फेदेरिको बाहामोंतेसला मोकळं सोडलं. का? त्या काळी सायकलपटूंची खरी कमाई टूरनंतरच्या गावोगावच्या प्रदर्शनी शर्यतींतून होई आणि ती कंत्राटं एजंट ठरवत. बाहामोंतेसचा एजंट तोच, जो या दोघांचा, आंग्लादचा वेगळा. पॅरिसच्या प्रेक्षकांनी आंकतिलला शिट्ट्या मारून हैराण केलं. त्याने पुढे बोट घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘५९ च्या शिट्ट्या’!

पिवळी जर्सी मिळाली म्हणून रडला

दहीहंडीत सगळ्यात खालच्या थरातला गोविंदा वर काय चाललंय हे बघूही शकत नाही. सायकलिंगमधल्या मदतनिसाचं, ज्याला इटलीत ग्रेगारिओ म्हणतात, जवळपास तसंच असतं. कप्तानाला वारा लागू द्यायचा नाही, बाटल्या आणायच्या, गरज पडली तर स्वतःचं चाक काढून द्यायचं. १९५२ मध्ये फाउस्तो कोप्पीचा ग्रेगारिओ आंद्रेआ कारेआ लोझानच्या टप्प्यावर पुढच्या गटात राहिला आणि हिशोब लागला तेव्हा टूरच्या नेत्याची पिवळी जर्सी त्याच्याकडे आली. हा गडी आनंदाने नाचायचा सोडून रडला आणि कोप्पीची माफी मागायला गेला. दुसऱ्या दिवशी टूर पहिल्यांदाच आल्प द्युएझवर चढली. कोप्पीने तो टप्पाही जिंकला आणि पिवळी जर्सीही घेतली.

वचन दिलं आणि मग हल्ला चढवला

बेर्नार इनो १९८३ नंतर रेनो संघ सोडून नव्या ला व्ही क्लेअर संघात गेला. अमेरिकेचा ग्रेग लेमाँडही १९८५ साठी रेनो सोडून त्याच्याकडे आला. त्या वर्षी लेमाँडने स्वतःची संधी बाजूला ठेवून इनोला पाचवी टूर जिंकू दिली आणि इनोने जाहीर केलं, पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी. १९८६ उजाडलं आणि इनोने आपल्याच सहकाऱ्यावर एकामागून एक हल्ले केले! आल्प द्युएझवर दोघांनी हातात हात घालून रेषा ओलांडली. चित्र सुंदर, वातावरण तंग. शेवटी लेमाँड ३ मिनिटं १० सेकंदांनी जिंकला, टूर जिंकणारा पहिला अमेरिकन. आपण लेमाँडला कणखर करत होतो, असं इनो नंतर सांगत राहिला. मला ते पटत नाही. शब्द दिला होता आणि तो पाळायला हवा होता.

याच्या उलट २०२३ ची स्पेनची व्हुएल्टा. अमेरिकेच्या सेप कसने त्या वर्षी जिरोमध्ये प्रिमोझ रोग्लिचला आणि टूरमध्ये योनास व्हिंगेगोला जिंकायला मदत केली होती. व्हुएल्टात नेत्याची लाल जर्सी त्याच्याच अंगावर आली. आंग्लिरूच्या खड्या चढावर रोग्लिच आणि व्हिंगेगो हे त्याचेच दोन सहकारी पुढे निघून गेले! कसच्या हातात उरली फक्त ८ सेकंदांची आघाडी. तीही वाचली, कारण बहरीन संघाच्या मिकेल लांदाच्या चाकामागे राहून तो वर पोहोचला. इथेही परक्या संघातला माणूस कामी आला. मग संघाने सर्वांना कसच्या मागे उभं केलं आणि तो जिंकला. व्हिंगेगो दुसरा, रोग्लिच तिसरा. काही आठवड्यांतच रोग्लिचने बोरा संघात जात असल्याचं जाहीर केलं आणि २०२४ ची व्हुएल्टा नव्या जर्सीत जिंकली. एका घरात तीन विजेते मावणं कठीणच होतं.

फक्त चार सेकंद

२०२४ ची महिलांची टूर मला अजून सलते. नेदरलँड्सची देमी फोलरिंग एसडी वर्क्स संघाची गतविजेती होती आणि वर्षअखेर ती संघ सोडणार हे सगळ्यांना माहीत होतं. पाचव्या टप्प्यात, अम्नेव्हिलच्या अलीकडे काही किलोमीटरवर, पिवळ्या जर्सीतली फोलरिंग पडली. तिला ओढून पुढे न्यायला संघातलं कुणी मागे आलं नाही. त्याच वेळी पुढे तिची सहकारी ब्लांका व्हास टप्पा जिंकत होती! फोलरिंगचा १ मिनिट ४७ सेकंदांचा तोटा झाला. शेवटच्या दिवशी तिने आल्प द्युएझ जिंकला, पण टूर पोलंडच्या कासिया न्येव्हियादोमाने ४ सेकंदांनी नेली. अंतिम किलोमीटरांचा गोंधळ, रेडिओवरची ओरड, सगळं मान्य. तरीही पिवळी जर्सी रस्त्यावर पडलेली असताना एकीने तरी थांबायला हवं होतं. जानेवारीत फोलरिंग फ्रान्सच्या एफडीजे-सुएझ संघात गेली, तेव्हा तिला कुणी बोल लावावा असं काही उरलं नव्हतं.

कोर्टाची पायरी

निष्ठेची किंमत युरोतही मोजता येते. बेल्जियमच्या वाउट व्हान आर्टचा करार २०१९ अखेरपर्यंत होता. संघाचं विलीनीकरण ठरलं आणि सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने करार तोडला. अपिलात न्यायालयाने त्याला जुन्या संघाला ६ लाख ६२ हजार युरो द्यायला सांगितले. तोवर तो नव्या संघाकडून टूरचा टप्पाही जिंकून बसला होता.

जे कुठेच गेले नाहीत

रेमाँ पुलिदोर १९६० ते १९७७ मेर्सिए संघातच राहिला. टूरमध्ये तीनदा दुसरा, पाचदा तिसरा, पिवळी जर्सी एक दिवसही नाही. तरीही फ्रान्सने त्याच्यावर जितकं प्रेम केलं तितकं विजेत्या आंकतिलवरही केलं नाही. २०२१ मध्ये त्याचा नातू मातियू व्हान डेर पूल याने टूरच्या दुसऱ्याच दिवशी पिवळी जर्सी मिळवली आणि आजोबांच्या आठवणीने त्याला रडू आवरलं नाही.

मिगेल इंदुराइनने १९८४ ते १९९६ एकाच संघात राहून सलग पाच टूर जिंकल्या. आणि तिबो पिनो! २०१० ते २०२३ मार्क मादियोच्या एफडीजे संघात. त्याच्या शेवटच्या टूरमध्ये व्होझ पर्वतातल्या पेती बालाँच्या एका वळणावर चाहत्यांनी जी गर्दी केली, तशी गर्दी अनेक विजेत्यांच्या वाट्याला येत नाही.

मधली वाट शॉन केलीची. फ्रेंच व्यवस्थापक झाँ द ग्रिबाल्दीने त्याला आयर्लंडमधून आणलं. केली १९७९ मध्ये त्याला सोडून गेला, १९८२ मध्ये परत त्याच्याकडे आला आणि खरा मोठा झाला तो त्या परतीनंतरच.

सगळ्यात भटका, सगळ्यात भाग्यवान

मार्क कॅव्हेंडिश किती संघ फिरला! पण त्याच्या भटकंतीत एक धागा आहे. २००९ मध्ये पॅरिसच्या शाँझेलिझेवर तो पहिला आला तेव्हा दुसरा होता त्याला वेग मिळवून देणारा त्याचाच सहकारी मार्क रेनशॉ. पुढे रेनशॉ आणखी दोन संघांत त्याच्यासोबत होता. २०२१ मध्ये कार्कासोनला कॅव्हेंडिशने टूरमधल्या मर्क्सच्या ३४ टप्पाविजयांची बरोबरी केली, तेव्हा दुसरा आला त्याला पुढे नेणारा मिकेल मॉर्कोव्ह. ३ जुलै २०२४ रोजी सां-व्हुल्बासमध्ये विक्रमी ३५ वा टप्पा जिंकताना कॅव्हेंडिश अस्ताना संघात होता. मॉर्कोव्ह त्याच संघात खेळत होता आणि रेनशॉ त्याच संघाचा डायरेक्टर झाला होता.

ऑगस्ट २०२५ मध्ये बातमी आली की बेल्जियमचा ऑलिम्पिक विजेता रेमको एव्हनपूल करार शिल्लक असतानाच क्विक-स्टेप सोडून रेड बुल-बोरा संघात जाणार. मथळे त्याच्या नावाचे झाले. त्याच सुमारास त्याचा विश्वासू मदतनीस मात्तिया कात्तानेओही त्याच संघात चालल्याची छोटीशी बातमी आली. पुढच्या १ ऑगस्टनंतर संघबदलांच्या याद्या येतील, तेव्हा मोठ्या नावाखालच्या या छोट्या नावांकडे जरूर बघा.