चाल कुणाची, गळा कुणाचा

लग्नसराई सुरू झाली की हळदीच्या रात्रीचा आवाज, दहाची मर्यादा आणि पोलिसांची समज यांच्या बातम्या ठाणे जिल्ह्यात येतातच. त्या वाचकांनी वाचलेल्या आहेत, सबब पुनरुक्ती करीत नाही. त्या आवाजाच्या पोटात दडलेला निराळाच प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो: हळदीत वाजणारे ते गाणे रचले कुणी?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की भिवंडीच्या वाटेवर लागणाऱ्या कोनसारख्या आगरी वस्तीच्या गावात धवलारणीचे, म्हणजे लग्नगीते गाणाऱ्या बाईचे, धवले संपल्यावर बेंजो पार्टी रंगात येते. बेंजोवाला डाव्या हाताने कळा दाबीत आणि उजव्या हातातील नखीने तारा छेडीत एखादी सुरावट काढतो, ढोलकीवाला तिला ठेका देतो, कीबोर्डवाला मधल्या जागा भरतो, कुणी एखादी ओळ सुचवतो, आणि असे चौघांच्या हातून घडलेले गाणे ध्वनिमुद्रित झाले की त्यावर ठळक नाव बहुधा एकट्या गायकाचे असते.

या अन्यायाला कायद्यानेही दीर्घकाळ हातभार लावला. 1957 च्या कॉपीराइट कायद्याची मूळ व्याख्या अशी होती की, जी सुरावट छापलेली, लिहिलेली वा अन्य रीतीने कागदावर उतरवलेली असेल तीच संगीतकृती. 1994 च्या दुरुस्तीने ती अट गेली, परंतु तोवर स्वरलेखन न जाणणाऱ्या कैक वादकांच्या चाली कायद्याच्या दफ्तरी जन्मल्याच नव्हत्या!

याउलट गोव्याकडे पाहावे. तेथील चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी शिकवीत, आणि त्या परंपरेतले ख्रिस पेरी हे ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन वाजवणारे, स्वतःचा बँड चालवणारे, कोकणी गीते रचून त्यांना चाली लावणारे विलक्षण प्रतिभेचे कलावंत होते. मुंबईच्या नाइटक्लबांत त्यांच्या बँडपुढे उभे राहून लॉर्ना कोर्देरो यांनी ती गीते गायिली, आणि 'बेबदो' हे गाणे घराघरांत पोचले. लॉर्नांच्या आवाजाची थोरवी निर्विवाद आहे. तरीही आज लोक ती गाणी 'लॉर्नाची' म्हणतात आणि पेरींचे नाव मागाहून घेतात, याचे मला मनापासून दुःख होते. पाश्चात्त्य देशांत मात्र पाहा: डायना रॉस यांनी 1985 साली गायिलेले 'चेन रिअ‍ॅक्शन' हे बी जीज बँडच्या तिघा गिब बंधूंनी रचले. गळा एकीचा असला तरी रचनाकार म्हणून तिघांचीही नावे लागली.

आपल्याकडेही 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा स्वामित्वधनातील वाटा, करारनामा काहीही म्हणो, अबाधित ठेवला आहे. ज्यांचे योगदान परस्परांपासून वेगळे काढता येत नाही त्यांना कायदा संयुक्त रचनाकार मानतो, आणि त्यांतील शेवटच्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे हक्क टिकतो. परंपरेने आलेली चाल कुणा एकाची नव्हे, हे खरे. पण नवी चाल करणाऱ्यांनी हा हक्क सोडण्याचे कारण नाही.

म्हणून कोन-भिवंडीच्या पार्ट्यांना कळकळीची विनंती: पुढची सुपारी घेण्याआधी नव्या गाण्याच्या कागदावर बेंजोवाल्यापासून ढोलकीवाल्यापर्यंत ज्यांनी ते घडवले त्या सर्वांची नावे लिहावीत, खाली तारीख घालावी, सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, आणि मगच स्टुडिओची पायरी चढावी.