दारू न पिणारा 'बाटलीवाला' राजा

जोसेफ बोनापार्ट फारसा पीत नसे. तरी स्पेनच्या लोकांनी त्याला 'पेपे बोतेया', म्हणजे बाटलीवाला पेपे, ठरवले आणि ते नाव आजही त्याला चिकटलेले आहे. १८०८च्या मे महिन्यात माद्रिदचा उठाव फ्रेंच फौजांनी गोळ्या घालून मोडला. त्याच दिवसांत नेपोलियनने स्पेनच्या राजाला आणि त्याचा मुलगा फर्दिनांद याला बायोनमध्ये गादी सोडायला लावली आणि तिच्यावर आपल्या थोरल्या भावाला, जोसेफला, बसवले.

माणूस वाईट नव्हता. लिखित राज्यघटना घेऊनच तो आला. पण टोपणनावाला बळ मिळाले ते त्याच्याच एका सुधारणेतून! १८०९मध्ये त्याने दारू आणि पत्ते यांवरची सरकारी मक्तेदारी उठवली. व्यंगचित्रकारांना आयते कोलीत मिळाले. माद्रिदच्या दाटीत हवा खेळावी म्हणून त्याने मठ आणि चर्च पाडून चौक केले, तर लोक त्याला 'चौकांचा राजा' म्हणून हिणवू लागले.

सरकारी बाजू 'गासेता दे माद्रिद' हे वृत्तपत्र मांडत होते, पण ते वाचणार किती? प्रवचन मात्र निरक्षरालाही कळते. त्यात १८०९मध्येच जोसेफने पुरुषांचे धार्मिक संघ बरखास्त केले. मठातून बाहेर पडलेल्या साधूंहून कडवे प्रचारक त्याच्या शत्रूंना कुठे मिळाले असते? फ्रेंचांना मारणे पाप नाही, असे शिकवणाऱ्या धर्मप्रश्नोत्तराच्या पुस्तिका तर १८०८पासूनच फिरत होत्या. शिवाय राजा नावापुरताच होता. १८१०मध्ये नेपोलियनने एब्रो नदीच्या उत्तरेचे प्रांत थेट आपल्या सेनापतींच्या हाती दिले. फौजा गावे लुटत असताना फर्मानातल्या सुधारणांवर कोण विश्वास ठेवणार?

आणि त्या सुधारणा स्पेनला नकोच होत्या, असेही नाही. धर्मद्रोह्यांना शिक्षा देणारे 'इन्क्विझिशन' नेपोलियनने १८०८मध्ये बंद केले होते. फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या कादिसच्या संसदेनेही १८१३मध्ये स्वतःच्या कायद्याने ते रद्द केले. आक्षेप औषधाला कमी आणि वैद्याला जास्त होता.

त्याच वर्षी जूनमध्ये वेलिंग्टनने व्हितोरियाला जोसेफचा पराभव केला. हा वेलिंग्टन म्हणजे दहा वर्षांपूर्वी असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली. पळणाऱ्या जोसेफच्या सामानातली शाही चित्रे इंग्रजांच्या हाती लागली, ती आजही लंडनला आहेत.

१८१४मध्ये लोकांचा लाडका फर्दिनांद परतला. त्याने कादिसच्या संसदेने केलेली राज्यघटना रद्द केली आणि इन्क्विझिशन पुन्हा सुरू केले. ते कायमचे बंद व्हायला १८३४ साल उजाडले.