वल्हं मोडलं, तर नवं कसं करायचं?

कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी होडी म्हणजेच रस्ता. जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जायच्या, त्याची मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ साली स्वतःहून दखल घेतली. इकडं सांगली जिल्ह्यात ऑगस्ट २०१९च्या महापुरात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेकांचे जीव गेले. त्या होडीत माणसं जास्त झाली होती. म्हणून होडीत किती जणांनी बसायचं आणि होडीचं सामान धड आहे का, हे बघणं एकट्या नावाड्याचं काम नाही, आपलंही आहे. आज त्यातल्या वल्ह्याबद्दल बोलू.

लहान होडीला बऱ्याचदा वेगळं सुकाणू नसतं. मागं धरलेलं वल्हंच दिशा देतं. ते भर पाण्यात मोडलं, तर होडी वारा नेईल तिकडं जाते.

मोडलेलं वल्हं चुलीत घालू नका. लांबी, जाडी, पात्याची रुंदी हे सगळं माप त्याच्यातच आहे. शिवाय ते कुठं मोडलं ते बघा. गाठीवर मोडलं असेल, तर लाकूड निवडताना चुकलं. होडीच्या काठाला घासतं तिथं मोडलं असेल, तर तो भाग झिजला किंवा कुजला. खिळ्याच्या भोकाशी मोडलं असेल, तर नव्याला तिथं खिळा मारू नका.

आता लाकूड. जळण फोडताना आपण बघतो, रेषेच्या बाजूनं लाकूड पटकन दुभंगतं, आडवं तोडायला मात्र घाम निघतो. म्हणून वल्ह्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ हव्यात. तिरक्या रेषा आणि गाठी नकोत. साग चांगला, पण जंगलातून तोडू नका. वखारीतून पावती घेऊन आणा.

लाकूड वाळलेलंच हवं. इंचभर जाडीला सावलीत साधारण वर्ष लागतं. दर आठवड्याला वजन करा. वजन उतरायचं थांबलं, की लाकूड वाळलं असं समजा.

मग सुतारदादांकडून जुन्याच्या मापानं कापून, रंध्यानं दांडा गोल करून घ्या. जाडी एकदम कमी होईल असा खाचा कुठंही ठेवू नका. दोन्ही टोकं विटांवर ठेवून मधोमध हातानं दाबा. कडकड आवाज आला, तर ते वल्हं पाण्यात न्यायचं नाही.

शेवटी जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात द्या. जाड रंग नको, त्याखाली चीर दिसत नाही. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप पेट घेऊ शकतात. बाहेर मोकळ्या पसरून वाळवा.

घासणाऱ्या जागी दोरी गुंडाळा, पण अधूनमधून सोडून आतलं लाकूड बघा. नवं वल्हं आधी काठालगत चालवून पाहा.

गटाच्या बैठकीत एवढं ठरवा: होडीत एक जादा वल्हं कायम, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि पावसाळ्याआधी वल्ह्यांची तपासणी. पैसे गटातून काढा. वल्ह्याचा खर्च मोठा नसतो.