फेरातील मोकळी जागा

नवरात्रात पाटावर हत्ती रेखून भोंडल्याचा फेर धरला जातो. त्या फेरात अपंग मुलींना आपण जागा ठेवतो काय? नाशिक येथे रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक अक्षम मुलांसाठी प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले. बोलताना अडखळणारी मुलेही टाळीच्या ठेक्यावर पाऊल टाकतात. नाशिक ढोलाचा ठोका कर्णबधिर मुलांच्या कानी पडला नाही, तरी लाकडी फळ्यांतून तळपायांना जाणवतो. सुधा चंद्रन १९८४ मध्ये जयपूर पायावर पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, हे खरेच; परंतु प्रेक्षकांच्या टाळ्यांहून सोबतीचे मोल आम्हांस अधिक वाटते. शाळासोबतिणींनी हात धरावा, चाकाच्या खुर्चीसाठी फेर थोडा रुंद करावा आणि ढोलवाल्याने या मुलींच्या पावलांकडे पाहून लय धरावी.